कला-इतिहासाच्या प्राध्यापक भरतीत राजकारण नेमकं कुठे चालतं?

तुम्ही विचारलंय की कला-इतिहासात एमए आणि नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) झालेलं असताना सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करण्यात अर्थ आहे का, की सगळं आधीच ठरलेलं असतं. अर्ज जरूर करा. मात्र बहुतेक उमेदवार मुलाखतीच्या खोलीकडे डोळे लावून बसतात आणि खेळ त्याच्या बराच आधी, जाहिरातीत आणि तज्ज्ञांच्या यादीत झालेला असतो.

आधी जाहिरात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत पदव्युत्तर पदवी 'संबंधित' किंवा 'संलग्न' विषयातली चालते. इतिहास, गणित अशा विषयांत यावरून फारसं बिघडत नाही. कला-इतिहासाचं तसं नाही. नेटमध्ये हा स्वतंत्र विषय नाही, तो दृश्यकला या ७९ क्रमांकाच्या विषयात बसवलेला आहे. पण पुरातत्त्व, प्राचीन भारतीय संस्कृती, वस्तुसंग्रहालयशास्त्र इथून आलेली माणसंही कला-इतिहासावरच संशोधन करतात. कुणाला 'संलग्न' मानायचं हे विद्यापीठ ठरवतं. मूर्तिशास्त्रवाला हवा असेल तर एक शब्दरचना, समकालीन कलेवर काम करणारा हवा असेल तर दुसरी. 'विशेषज्ञता' या शीर्षकाखालची ओळ म्हणूनच सगळ्यात बारकाईने वाचा. तिथे एखाद्याच्या प्रबंधाचा विषय जवळपास जसाच्या तसा उतरलेला दिसला, तर ती जागा कुणासाठी आहे ते समजून घ्या. आपल्याकडे तर बहुतेक कला महाविद्यालयांत हा विषय चित्रकला किंवा उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमातला सिद्धान्ताचा पेपर असतो. त्यामुळे जागाच 'चित्रकला' नावाने निघते आणि कला-इतिहासवाला छाननीत बाद होतो.

मग गुण. विद्यापीठातल्या जागेसाठी छाननीचा तक्ता १०० गुणांचा आहे: पदवीला कमाल १५, पदव्युत्तरला २५, पीएचडीला ३०, नेटमध्ये जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली असेल तर ७, नुसत्या नेटला ५, सेटला (राज्याच्या पात्रता परीक्षेला) ३, शोधनिबंधांना प्रत्येकी २ प्रमाणे कमाल १०, अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ प्रमाणे कमाल १०, पुरस्कारांना ३. २०२३च्या दुरुस्तीनंतर पीएचडी सक्तीची नाही, पण तिचे ३० गुण नसले तर यादीत वर येणं कठीणच. निबंध समीक्षित, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून लेख छापणाऱ्या, नियतकालिकातला हवा. आपल्या क्षेत्रातलं कितीतरी चांगलं लेखन प्रदर्शनांच्या कॅटलॉगमध्ये होतं आणि या तक्त्यात त्याला शून्य मिळतं, ही मला फार मोठी चूक वाटते. अनुभवाच्या पत्रावर पदनाम, तारखा आणि मानधन हे तिन्ही लिहून घ्या. तासिका तत्त्वावरच्या (तासागणिक मानधनाच्या) नोकरीवरून हमखास वाद होतो.

आणि आता मुख्य मुद्दा. हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. २०१८च्या नियमांनुसार अंतिम निवड केवळ मुलाखतीवर होते, म्हणजे तक्त्यात ८५ असलेला आणि ६० असलेला उमेदवार दारातून आत गेल्यावर एका रेषेवर येतात. मुलाखत घेणाऱ्या समितीत कुलगुरू किंवा त्यांचा प्रतिनिधी, कुलपतींनी नेमलेला प्राध्यापक, अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि तीन विषयतज्ज्ञ असतात. राखीव गट, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग यांपैकी कुणी अर्जदार असेल आणि समितीत त्या गटाचं कुणी नसेल, तर त्या गटाचा प्रतिनिधीही असतो. गणपूर्ती चारची, त्यात बाहेरचे दोन तज्ज्ञ हवेतच. तज्ज्ञ कुलगुरू निवडतात, मंजूर यादीतून. देशात कला-इतिहासाचे स्वतंत्र विभाग मोजके, बडोदा, जेएनयू, शांतिनिकेतन असे. त्यामुळे तीच ती नावं फिरतात आणि उमेदवाराचा मार्गदर्शक किंवा त्याचा जुना सहकारी समोर बसलेला असतो.

लहान विभागांना बिंदुनामावलीनेही, म्हणजे कितव्या क्रमांकाची जागा कोणत्या गटासाठी राखीव हे ठरवणाऱ्या यादीनेही, मारलंय. केंद्रीय बिंदुनामावलीत जागा मोजायला विभाग हेच एकक धरलं तर ओबीसीची पहिली जागा चौथ्या बिंदूवर, अनुसूचित जातीची सातव्या आणि जमातीची चौदाव्या बिंदूवर येते. तीन जागांच्या विभागात पहिल्या भरतीत एकही राखीव जागा येत नाही. केंद्रीय संस्थांसाठी २०१९च्या कायद्याने संपूर्ण संस्था एकक केली, तेव्हा कुठे हा अन्याय थांबला.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. जाहिरातीच्या अटीवर हरकत असेल तर ती मुलाखतीच्या आधी लेखी द्या आणि पोच घ्या. मुकाट्याने मुलाखत देऊन निकालानंतर प्रक्रियेला आव्हान दिलंत, तर न्यायालय सहसा ऐकत नाही. निकालानंतर माहितीच्या अधिकारात स्वतःचा छाननी तक्ता, मुलाखतीतले गुण आणि मंजूर बिंदुनामावली मागा, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. मुलाखत घेणाऱ्यांची नावं मागण्यात वेळ घालवू नका, २०१२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ती नाकारता येतात.