शेळी विण्याआधीचे दीड महिने

घरापुरत्या दोन-चार शेळ्या पाळणाऱ्यांचे जे प्रश्न आमच्याकडे आले, त्यांत बहुतेकांनी विण्याच्या वेळी लागणाऱ्या सामानाची यादी मागितली आहे. यादी देतोच, पण ती छोटी आहे. शेळी सुखरूप विणार की अडणार, करडू तग धरणार की नाही, हे बरेचसे त्याआधीच्या दीड महिन्यात ठरते. म्हणून सुरुवात तिथून करू.

प्रश्न : शेळी नेमकी कधी विणार हे कसे ओळखावे? तयारी कधी सुरू करावी?

शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. पाच दिवस अलीकडे-पलीकडे. त्यामुळे बोकड दाखवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असणे ही पहिली तयारी. 1 नोव्हेंबरला शेळी भरवली असेल, तर ती 31 मार्चच्या आसपास विणार. मग जानेवारीअखेर तिचे दूध आटवायचे आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात लस द्यायची, असा मागे हिशोब करता येतो. बोकड कळपातच मोकळा फिरत असेल तर तारीख हाती लागत नाही. अशा वेळी कास भरू लागल्यापासून रोज लक्ष ठेवावे, पण पहिलारू शेळीची कास महिनाभर आधीही भरते आणि काहींची अगदी विण्याच्या दिवशी. कासेवर एकटा भरवसा नको.

लसीबद्दल : आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा आजार) आणि धनुर्वात यांची मात्रा विण्याआधी साधारण चार आठवडे द्यावी. शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगप्रतिकारक घटक मिळत नाहीत, ते सगळे चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातून मिळतात. लस वेळेवर दिली की ते चिकात उतरतात. जंताचे औषध डॉक्टरांना गाभणकाळ सांगूनच घ्यावे; अल्बेंडाझोल गाभणकाळाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये, त्याने गर्भात व्यंग येऊ शकते.

प्रश्न : अजून लिटरभर दूध देते. विण्यापर्यंत काढले तर चालेल का?

नाही. दोन महिने, निदान सहा आठवडे तरी कासेला विश्रांती हवी. आटवताना आधी खुराक (धान्य-पेंडीचे खाद्य) कमी करा, मग दूध काढणे थांबवा. पाणी तोडू नका.

प्रश्न : मागच्या खेपेला शेळी चांगली धष्टपुष्ट होती. विण्याच्या पंधरा दिवस आधी खाणे सोडले, बसली ती उठली नाही. पोटात तीन करडे निघाली. विषबाधा असेल का?

वर्णन वाचून खात्रीने सांगता येत नाही, पण बाहेरच्या विषापेक्षा मला गाभणकाळातील विषाक्तता जास्त संभवनीय वाटते. जुळी-तिळी पोटात असलेल्या शेळ्यांना शेवटच्या महिन्यात ती होते. गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या सहा ते आठ आठवड्यांत होते. त्याच काळात भरलेले गर्भाशय पोटाला दाबते आणि शेळीला एका वेळी पोटभर चारा खाता येत नाही. गरज वाढते आणि जागा कमी होते. मग शरीर साठवलेली चरबी वापरू लागते, त्यातून तयार होणारे कीटोन रक्तात साचतात आणि भूक मरते. न खाल्ल्याने चरबी आणखी वितळते. म्हणून फार लठ्ठ शेळी जितकी धोक्यात, तितकीच हडकुळी.

पहिले लक्षण अगदी साधे : शेळी खुराक सोडते, पण गवताची काडी चघळत राहते. मग कळपात मागे पडते, दात खाते, पाय सुजतात, श्वासाला गोडसर वास येतो. खाली बसेपर्यंत वाट पाहिली तर फार काही हाती राहत नाही. विण्याच्या आधीच्या महिन्यात शेळीने एक वेळचा खुराक टाकला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. प्रॉपिलीन ग्लायकॉल हे ऊर्जा देणारे औषध तोंडावाटे देतात, गरजेप्रमाणे शिरेतून ग्लुकोज. मात्रा त्यांनाच ठरवू द्या. कॅल्शियम कमी पडल्यानेही शेळी अशीच सुस्त होते, कान गार लागतात. दोन्ही एकत्रही असू शकते, त्यामुळे घरच्या घरी अंदाजाने उपचार करण्यात वेळ जातो.

टाळायचे कसे? गाभणकाळाच्या मधल्या महिन्यांत शेळीला लठ्ठ करू नका. शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवत, शेळीच्या अंगाप्रमाणे, रोज 200 ते 400 ग्रॅमपर्यंत न्या आणि तो दोनदा विभागून द्या. एकदम वाढवला तर पोटात आम्लता होते, ते वेगळेच दुखणे. सोबत चांगल्या प्रतीचा वाळलेला चारा, खनिज मिश्रण, स्वच्छ पाणी आणि रोजचे चालणे. गाभण शेळीला जपायचे म्हणून दिवसभर बांधून ठेवणारे अनेक जण भेटतात. ते जपणे नव्हे.

प्रश्न : जागा आणि सामान काय ठेवावे?

एका शेळीला साधारण चार फूट बाय पाच फुटांचा कोरडा, वाऱ्याचा झोत न लागणारा कप्पा पुरे. तळाशी जाड सुका पेंढा. पाण्याची खोल बादली आत ठेवू नका. शेळी नेमकी तिच्याकडे पाठ करून विते आणि करडू पाण्यात पडते. सामान : कोरडी फडकी, टिंक्चर आयोडीन, निर्जंतुक कात्री, साबण, हातमोजे, वंगणासाठी जेल, थर्मामीटर, टॉर्च, बाटली व निपल. डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये आधीच हवा.

प्रश्न : कळा सुरू झाल्यावर हात कधी घालायचा?

बहुतेक वेळा घालायचाच नाही. शेपटीच्या मुळाजवळचे दोन्ही बाजूंचे दोरीसारखे बंध सैल पडून बोटांना लागेनासे झाले, की बहुधा दिवसभरात शेळी विते. मग ती बाजूला जाते, पायाने जमीन उकरते, उठबस करते, निरणातून (योनीद्वारातून) चिकट स्राव लोंबतो. हा टप्पा पहिलारू शेळीत बारा तासही चालतो. त्या वेळी दुरून पाहा, गर्दी करू नका.

घड्याळ सुरू करायचे ते जोराच्या कळांपासून. अर्धा तास जोर लावूनही काही पुढे सरकत नसेल, तर डॉक्टरांना बोलवा. आधी पाणमोट (गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी), मग पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले तर सगळे ठीक. मागचे दोन पाय आधी आले तरी करडू तसेच बाहेर येते, फक्त तिथे रेंगाळू नका. नाळ दबते आणि डोके अजून आतच असते. नुसती शेपटी, एकच पाय किंवा पायांशिवाय डोके दिसले, तर शेळी अडली समजा.

डॉक्टर लांब असतील आणि तपासावेच लागले, तर नखे कापा, अंगठी काढा, कोपरापर्यंत साबणाने धुवा, मोजे घाला, भरपूर जेल लावा. हाताला लागलेला पाय पुढचा की मागचा, हे सांध्यांवरून कळते : खुरावरचे दोन सांधे एकाच दिशेने वाकले तर पुढचा, विरुद्ध दिशेने वाकले तर मागचा. दोन पाय एकाच करडाचे आहेत याची खात्री खांद्यापर्यंत चाचपून करा. ओढायचे ते शेळीच्या कळेबरोबर आणि तिच्या मागच्या पायांकडे, खालच्या दिशेने. कळ नसताना ओढू नका.

प्रश्न : करडू थंड पडले, दूध ओढत नाही.

आधी ऊब, मग चीक. तोंडात बोट घालून गार लागले तर तापमान मोजा. निरोगी करडाचे 38.5 ते 40 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. 37 च्या खाली असेल तर पुसून, गुंडाळून, कोमट पाण्याच्या बाटल्या शेजारी ठेवून गरम करा. गार पडलेल्या, गिळता न येणाऱ्या करडाच्या तोंडात चीक ओतला तर तो फुफ्फुसात जातो. बल्ब लावत असाल तर तो पेंढ्यापासून दूर, पक्का बांधलेला हवा, आग लागते.

एरवी नाकातोंडातला चिकटा पुसा, शेळीला करडू चाटू द्या. नाळ लांब असेल तर पोटापासून दोनेक इंचांवर कापा आणि टोक आयोडीनमध्ये बुडवा, नाहीतर तिथून जंतू शिरून सांधे सुजतात. सडातून पहिली धार काढून टाका आणि तासाभरात चीक पाजा. पहिल्या 24 तासांत वजनाचा दहावा भाग, म्हणजे अडीच किलोच्या करडाला 250 मिली, चार-पाच वेळांत विभागून. उशीर होईल तसे ते रोगप्रतिकारक घटक आतड्यातून रक्तात जाणे कमी होत जाते. जास्तीचा चीक गोठवून ठेवता येतो. वापरताना कोमट पाण्यात ठेवून वितळवा, उकळू नका.

प्रश्न : वार (गर्भाची झार) पडली नाही तर?

बहुधा काही तासांत पडते. बारा तास उलटले तर डॉक्टरांना दाखवा. लोंबती वार ओढू नका, तिला वजनही बांधू नका. पडलेली वार हातमोजे घालून खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. शेळी गाभडली (तिचा गर्भपात झाला) असेल तर अधिकच काळजी घ्या : ब्रुसेलासारख्या जंतूंचे आजार त्यातून माणसांना होतात. पुरण्याआधी डॉक्टरांना कळवा, तपासणीसाठी नमुना लागू शकतो. घरातल्या गरोदर बाईने विणाऱ्या किंवा गाभडलेल्या शेळीजवळ जाऊच नये.