‘उठला’ की ‘उठवला गेला’?

प्रश्न : बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात (१६:६) येशू मरणातून पुन्हा उठल्याची वार्ता काही भाषांतरांत ‘तो उठला आहे’ अशी येते, काहींत ‘त्याला उठवण्यात आले आहे’ अशी. मूळ ग्रीक शब्द एकच असताना असे का?

उत्तर : तिथले क्रियापद ‘एगेइरो’. मूळ अर्थ झोपेतून जागे करणे. संस्कृत ‘जागृ’ त्याचा सगोत्र, म्हणजे आपला ‘जागर’ही त्याच घराण्यातला. वादळात नावेत निजलेल्या येशूला शिष्य उठवतात (मार्क ४:३८), तिथे हेच क्रियापद आहे. पुढे अर्थ पसरत जातो : खड्ड्यात पडलेले मेंढरू वर काढणे (मत्तय १२:११), राष्ट्रावर राष्ट्र उठणे (मत्तय २४:७), मंदिर उभारणे (योहान २:१९). मराठी ‘उठणे-उठवणे’ यातले बरेच पेलते. मंदिरापाशी मात्र अडते.

घोळ होतो तो रूपामुळे. मार्क १६:६ मधले ‘एगेर्थे’ कर्मणी आहे, म्हणून ‘उठवला गेला’. पण तापाने पडलेली, येशूचा शिष्य पेत्र याची सासू बरी होऊन सेवा करू लागते, तिथेही (मत्तय ८:१५) हेच रूप आहे आणि तिथे साधे ‘उठली’च शोभते. तेव्हा नुसत्या रूपावर भिस्त ठेवू नये. उठवणारा कोण, ते संदर्भात पाहावे. प्रेषितांची कृत्ये ३:१५ मध्ये ‘देवाने उठवले’ असे कर्तरी रूप स्पष्ट आहे. म्हणून पुनरुत्थानाच्या, म्हणजे मरणातून पुन्हा उठण्याच्या, वचनांत ‘उठवला गेला’ हेच आम्हाला अधिक नेमके वाटते.

१ करिंथ (करिंथकरांना पौलाचे पहिले पत्र) १५:४ तर फार बारकाईने वाचण्याजोगे. तिथे ख्रिस्ताविषयी ‘मरण पावला’, ‘पुरला गेला’ ही साधी भूतकाळी रूपे. मग एकदम ‘एगेगेर्ताय’, म्हणजे उठवला गेला आणि ती स्थिती आजही कायम आहे. या अध्यायात हे रूप सात वेळा येते. मराठी करताना शेवटचा ‘आहे’ गाळला, तर हा अर्थ निसटतो.

दुसरे क्रियापद ‘अनिस्तेमि’, म्हणजे वर उभे करणे किंवा राहणे. त्यातला धातू आणि ‘पुनरुत्थान’मधला ‘स्था’ एकाच मुळाचे. ग्रीक लोक ईस्टरला ‘ख्रिस्तोस अनेस्ती’ म्हणतात ते याचेच रूप. दोन शब्द म्हणून दोन वेगळ्या शिकवणी मानू नयेत : आपण मरणातून उठू हे येशूचे एकच भाकीत मार्क ८:३१ मध्ये ‘अनिस्तेमि’ने, तर मत्तय १६:२१ मध्ये ‘एगेइरो’ने सांगितले आहे. आणि प्रत्येक ‘अनिस्तेमि’त पुनरुत्थानही शोधू नये. लूक १५:१८ मधल्या दाखल्यात घर सोडून गेलेला धाकटा मुलगा ‘मी उठून बापाकडे जाईन’ म्हणतो, तेव्हा तो फक्त निघायच्या तयारीत असतो.