झोप चहाला ऐकत नाही: वाहनचालकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: दुकान बंद करून रात्री साडेअकराला कोल्हापूर सोडतो, पहाटे पुण्यात माल भरायला पोचतो. किणी, तासवडे, आनेवाडी, प्रत्येक टोलनाक्याजवळ थांबून चहा घेतो. काच खाली करतो, गाणी लावतो. तरी आनेवाडीच्या पुढे पेंग येतेच. मागच्या महिन्यात गाडी दुभाजकाला घासली. काय चुकतंय? (राजारामपुरी)

उत्तर: निघायची वेळ चुकते आहे. झोपेचा जोर दिवसातून दोनदा वाढतो: रात्री 2 ते पहाटे 6 आणि दुपारी 2 ते 4. साडेअकराला निघालेली गाडी दोनच्या सुमारास खंबाटकी घाटाच्या आसपास असते. सकाळी 7 ला उठला असाल, तर तोवर तुम्हाला जागून 19 तास झालेले असतात. सलग 17 तास जागलेला माणूस रक्तात 100 मिलीलिटरमागे 50 मिलीग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा 30 मिलीग्रॅमची आहे. म्हणजे थेंबभरही न घेता तुम्ही ती ओलांडून गाडी चालवता.

गाडी घासली ती बहुधा क्षणभराच्या डुलकीत. ही डुलकी काही सेकंदांची असते आणि डोळे उघडे असतानाही लागते. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांत जवळजवळ 90 मीटर, तेही कुणी चालवत नसताना. अशा अपघातात बऱ्याचदा रस्त्यावर ब्रेकची खूण सापडत नाही, कारण ब्रेक दाबलेलाच नसतो. घाटात वळणं असतात, मेंदू कामात राहतो. घाट उतरून सरळ रस्ता लागला की झापड येते.

काच आणि गाणी यांनी फार तर दहा-पंधरा मिनिटं निघतात. चहाचंही गणित बघा. जागं राहायला एका वेळी 150 ते 200 मिलीग्रॅम कॅफिन लागतं. टपरीवरच्या कटिंगमध्ये ते ढोबळमानाने 30 च्या आसपास असतं. शिवाय घेतल्यावर असर दिसायला 20 ते 30 मिनिटं जातात, आणि चहा पिऊन लगेच गाडी काढणाऱ्याचा घात याच अर्ध्या तासात होतो.

पेंग आली की पेट्रोल पंपासारख्या उजेडाच्या, वर्दळीच्या जागी गाडी घ्या. महामार्गाच्या कडेला अजिबात नको. दोन-तीन चमचे इन्स्टंट कॉफीचा कडक कप प्या आणि लगेच सीट मागे करून झोपा, मोबाइलवर 20 मिनिटांचा गजर लावून. इंजिन बंद, काचा दोन बोटं खाली. एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका, एक्झॉस्ट गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो आणि त्याला वास नसतो. उठेपर्यंत कॉफीचा असर सुरू होतो. मग दहा मिनिटं चाला आणि नंतरच किल्ली फिरवा. 20 मिनिटांच्या ऐवजी 40-50 मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड राहतं. वेळ असेल तर सरळ दीड तास झोपा. या उपायाने तास-दीड तास निभावतो, रात्र निभावत नाही. तुमच्यासाठी खरा उपाय म्हणजे रात्री 10 ला झोपून पहाटे साडेचार-पाचला निघणं. माल उशिरा मिळेल, मिळू दे.

प्रश्न: मालक ट्रकवर आहेत, वय 46. घरी आठ-आठ तास झोपतात, पण घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू येतं. मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि दचकून उठतात. दिवसा जेवताना बसल्या-बसल्या डोळा लागतो. (कागल)

उत्तर: ताई, ही नुसती दमणूक नाही. झोपेत घशाची वाट मिटून श्वास पुन्हा पुन्हा तुटत असावा, याला स्लीप ॲप्निया म्हणतात. माणूस आठ तास आडवा असतो, पण मेंदू रात्रभर जागा होत राहतो. शर्टाची कॉलर 17 इंचांच्या पुढे, सकाळी डोकेदुखी, रात्री लघवीला दोन-तीनदा उठणं, रक्तदाब, यातलं काही असेल तर संशय पक्का. ते घोरत असताना मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा छातीरोगतज्ज्ञांना दाखवा. एका रात्रीची झोपेची तपासणी होते. गरज पडली तर सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपावं लागतं. नीट, रोज वापरलं तर दिवसाची पेंग बऱ्याच जणांची काही दिवसांत कमी होते. तोवर कुशीवर झोपणं आणि संध्याकाळची दारू बंद, एवढं लगेच करा. तपासणी होईपर्यंत रात्रीची भाडी त्यांनी घेऊ नयेत. परवाना जाईल म्हणून अनेकजण हे लपवतात, पण उपचार घेतलेला चालक ट्रक चालवू शकतो. लपवण्यात जीव जातो.

प्रश्न: शिरोलीत फाउंड्रीत आहे. रात्रपाळी सकाळी 7 ला सुटते, मोटारसायकलने पन्हाळ्याकडे गावी जातो. हेल्मेट घालतो. आणखी काय? (पन्हाळा तालुका)

उत्तर: पाळी बदलण्याच्या पहिल्या रात्रीचा हिशेब करा. सोमवारी सकाळी 6 ला उठलात, दिवसभर जागलात, रात्री कामाला गेलात. मंगळवारी 7 ला गाडीवर बसता तेव्हा 25 तास झाले. म्हणून त्या सोमवारी दुपारी दीड-दोन तास झोपूनच कामावर जा. पाळी सुटल्यावर पार्किंगमध्ये किंवा विश्रांतीच्या खोलीत 20 मिनिटं पडा. दोघे एकाच वाटेचे असाल तर ज्याची झोप झाली आहे त्याने चालवावं. दुचाकीवर डुलकी लागली की ॲक्सिलरेटरची पकड सुटते आणि तोल जातो. हेल्मेट डोकं वाचवेल, पडणं थांबवणार नाही.

प्रश्न: उसाचा हंगाम चालू आहे. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह कारखान्यावर रात्रभर नंबरला असतो. चालक म्हणतो, तिथं झोप होते. पुढची खेप लगेच धरली तर चालेल? (शिरोळ)

उत्तर: नाही. रांग दर वीस-पंचवीस मिनिटांनी सरकते आणि तो प्रत्येक वेळी उठतो. अशी तुटक झोप झोपेत धरू नका. नंबर पुढे सरकवायला दुसरा माणूस ठेवा, म्हणजे एकाला सलग चार तास तरी मिळतील. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं माप घातलं होतं. शेतमालाची वाहतूक त्या कायद्यात बसो न बसो, शरीराला ते माप लागतंच.

आणखी एक सांगायलाच हवं. सावलीसाठी किंवा थंडीपासून आडोसा म्हणून ट्रॉलीखाली कुणालाही झोपू देऊ नका. पुढची गाडी सरकली की अंधारात चालक बघत नाही, ट्रॅक्टर पुढे घेतो. आणि ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर मागे लाल परावर्तक पट्टी आणि 50 मीटरवर त्रिकोण हवाच. मागून येणारा पेंगलेला असू शकतो, त्याला तुमची ट्रॉली जवळ आल्यावरच दिसते.

प्रश्न: सर्दीची गोळी घेऊन गगनबावड्यातून कोकणात उतरलं तर चालेल का? (मंगळवार पेठ)

उत्तर: गोळीच्या पाकिटावर क्लोरफेनिरामाइन लिहिलं असेल तर त्या दिवशी गाडी दुसऱ्याला द्या. सेटिरिझिनही काहींना पेंगवतं. फेक्सोफेनाडिनने सहसा झोप येत नाही, पण ती डॉक्टरांना विचारून आणि आधी घरी एकदा घेऊन बघा.