मेक्सिकोतल्या पुएर्तो वायार्तात पहिल्यांदा जाताय?

बसची भीती मनातून काढून टाका आणि बस पकडा. विमानतळावर सामान घेऊन बाहेर येताना टाइमशेअर (सुट्टीच्या घरातला वाटा) विकणारे ‘टॅक्सी हवी का’ म्हणत गाठतात. त्यांच्याशी बोलायला थांबूच नका. सरळ बाहेर पडा आणि हायवेवरचा पादचारी पूल ओलांडा. पलीकडे उबर बरीच स्वस्त पडते, सिटी बसही मिळते.

बसच्या पुढच्या काचेवर ठिकाणं लिहिलेली असतात, तीच वाचायची. ‘सेंत्रो’ म्हणजे जुन्या शहरातून जाणारी. ‘तूनेल’ मात्र बोगद्यातून, शहराच्या मागच्या बाजूने रोमँटिक झोन या पर्यटकांच्या भागाकडे जाते. मी पहिल्या दिवशी न बघता हीच पकडली आणि समुद्र काही दिसेना! सुट्टी पेसोची नाणी हाताशी ठेवा, मोठी नोट चालत नाही. उतरायचं असेल तर मागच्या दाराजवळचं बटण दाबा, नाहीतर मोठ्याने ‘बाहान!’ (म्हणजे उतरायचंय) म्हणा. लाजू नका, सगळेच ओरडतात.

टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाडं ठरवा.

मालेकोन, म्हणजे समुद्रकाठचा रस्ता, पायीच फिरा. तिथे गाड्यांना बंदी आहे. पण गल्ल्यांमध्ये गोटे बसवलेत, पावसात ते फार निसरडे होतात, तेव्हा चांगली पकड असलेले बूटच घाला.

येलापा या समुद्रकाठच्या गावाला जायचं तर बोका दे तोमात्लानपर्यंत बस आणि पुढे पाण्यावरची टॅक्सी. चढण्याआधीच परतीची शेवटची बोट किती वाजता, ते विचारून घ्या.