मारुती ८००चं हेड गॅस्केट घरी बदलायला किती दिवस धरावेत?

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, बदलायला पहिल्यांदाच हात घालत असाल तर दोन शनिवार-रविवार धरा. सरावलेला मेकॅनिक एक-दोन दिवस सांगतो, पण त्यात लेथवाल्याकडचा (हेड सपाट करून घेण्याचा) वेळ बहुतेकदा धरलेला नसतो.

खोलायला पाच-सहा तास: कूलंट, पाइप-वायरी, टायमिंग बेल्ट, मग हेड बोल्ट. खरा घोळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या) स्टडपाशी, म्हणजे तो धरून ठेवणाऱ्या आटेदार दांड्यांपाशी. गंजलेला स्टड तुटला की ड्रिल मारून काढण्यात अर्धा दिवस सहज जातो, म्हणून आदल्या रात्रीच त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. प्रत्येक पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

हेड निघालं की त्यावर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) घालून बघा. ०.०५ मिमीचं पातं कुठेही आत शिरलं तर हेड वाकलंय, फेसिंगला (लेथवर सपाट करायला) द्या. इंजिन तापून गॅस्केट गेलं असेल तर हा खर्च धरूनच चाला. लेथवाल्याच्या गर्दीप्रमाणे दोन ते चार दिवस. तोवर ब्लॉकचा माथा साफ करा आणि बोल्टच्या भोकांतलं पाणी-ऑइल नीट टिपून घ्या. ते राहिलं तर टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) खोटा दिसतो, प्रसंगी ब्लॉकला तडा जातो.

जोडणीला पूर्ण दिवस. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळायचे. अंदाजाने आवळलेलं हेड पुन्हा खोलावं लागतं. टॉप पॅकिंग सेट (हेड गॅस्केटसह वरच्या भागाची पॅकिंग), टायमिंग बेल्ट, ऑइल, फिल्टर, कूलंट आधीच आणून ठेवा. रविवारी स्पेअर पार्टची दुकानं बहुतेक बंद असतात.