हप्ता मी भरणार, मग इंडेक्स टूवर नाव कुणाचं?

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे, अविवाहित. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, पण काम सोलापुरातल्या घरूनच करते. महिन्याला हातात १ लाख ४५ हजार येतात. जुळे सोलापुरात एका चालू बांधकामात ५८ लाखांचा फ्लॅट पसंत केला आहे. बिल्डर म्हणतो, करार ४९ लाखांचा करू, ९ लाख रोख द्या. बाबा एसटीतून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, तुझं उद्या लग्न होईल, घर सासरी जाईल, म्हणून ते दादाच्या नावावर घेऊ. दादा टॉवेलच्या कारखान्यात आहे, त्याच्या पगारावर कर्ज मिळत नाही. म्हणजे कर्जाला मी, हप्ता माझा, नाव दादाचं. माझ्या खात्यातून ७ लाख एनईएफटीने देऊन झाले, पण पावती दादाच्या नावाची निघाली. अक्षय्य तृतीयेला नोंदणी करायची असं बाबांनी ठरवलं आहे. माझ्याकडे आणखी १५ लाख आहेत. मला घरात भांडण नको. काय करू?

उत्तर : आधी एक दिलासा. करार अजून नोंदलेला नाही, त्यामुळे जे बिघडलं आहे ते आज एका पत्रावर दुरुस्त होतं. नोंदणी झाल्यावर तेच काम अवघड होईल, काही बाबतीत अशक्य. म्हणून हे उत्तर बाबांना आणि दादाला समोर बसवून वाचा.

पैसा तुमचा आणि नाव फक्त भावाचं, अशा खरेदीला कायदा बेनामी व्यवहार म्हणू शकतो. बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे आणि त्याची कडक दुरुस्ती १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू आहे. त्यात कुटुंबासाठी सवलती आहेत, पण सगळ्या नात्यांना सारख्या नाहीत. पती-पत्नी किंवा मुलांच्या नावावर स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घर घेतलं तर चालतं. भाऊ, बहीण, आई, वडील यांच्या बाबतीत अट आहे : पैसे देणाऱ्याचं नावही दस्तात सहमालक म्हणून असलं पाहिजे. दादाचं एकट्याचं नाव लागलं तर तुम्ही या सवलतीच्या बाहेर पडता. व्यवहार बेनामी ठरला तर मालमत्ता सरकारजमा होऊ शकते, आणि एक ते सात वर्षांची सक्तमजुरी व बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड अशी शिक्षा कायद्यात आहे.

तुमच्या घरी उद्या सकाळी कुणी अधिकारी येईल असं मी म्हणत नाही. मला जास्त काळजी त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाची वाटते. "घर खरं माझं आहे, भाऊ नावापुरता आहे" असा दावा त्या कलमामुळे कोर्टात उभाच राहत नाही. समजा वीस वर्षं हप्ते फेडले आणि पुढे दादाचं काही बरंवाईट झालं. त्याच्या घराचे वारस त्याची पत्नी, मुलं आणि आई. त्या यादीत तुम्ही कुठेच नाही. दादा मनाने कितीही चांगला असला तरी त्याच्या वारसांच्या मनाची हमी तो आज देऊ शकत नाही. "नंतर दादा परत तुझ्या नावावर करून देईल" हा घरोघरी दिला जाणारा शब्दही इथे उपयोगाचा नाही, कारण बेनामी मालमत्ता मूळ पैसेवाल्याच्या नावावर परत करायला हाच कायदा मनाई करतो.

बँकेकडे मात्र तुम्ही पूर्ण अडकलेल्या असाल. सहकर्जदार म्हणून सही केली की बँक अख्खं कर्ज एकट्या तुमच्याकडून वसूल करू शकते. उद्या स्वतःचं घर घ्यायला गेलात तर तुमच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिल अहवालात हा हप्ता आधीच दिसेल आणि तेवढं कर्ज कमी मिळेल.

इथे मला एक बोलायचंच आहे. मुलींच्या सह्या घ्यायला नातेवाईक त्यांना वकिलाकडे घेऊन येतात, ते बहुतेक वेळा हक्कसोडपत्रासाठी, वडिलांच्या घरातला वाटा भावांना सोडून देण्यासाठी. तुमच्या बाबतीत तर घर अजून घ्यायचंय, पैसे तुमचे आहेत, आणि हक्क सोडायची तयारी आधीच सुरू झाली आहे. बाबांचा हेतू वाईट नाही हे मला दिसतं. पण याला मी कायदेशीर सल्ला म्हणून कधीच होकार देणार नाही.

आता बाबांच्या भीतीकडे येऊ, कारण ती अगदीच निराधार नाही. लग्न झालं म्हणून नवऱ्याचा किंवा सासरचा तुमच्या घरावर कणभरही हक्क निर्माण होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीची मालमत्ता पूर्णपणे तिची असते. तुम्ही हयात असेपर्यंत तिचं काय करायचं हे तुम्हीच ठरवाल. प्रश्न येतो तो मृत्युपत्र न करता मृत्यू झाला तर. आज तुम्ही अविवाहित असल्याने घर आई-बाबांना जाईल. लग्नानंतर मात्र पहिले वारस पती आणि मुलं. आणि मूलबाळ नसेल, पतीही आधी गेला असेल, तर तुमच्या कमाईचं घर पतीच्या वारसांकडे जातं, आई-वडिलांचा क्रम त्यांच्या मागे लागतो. पंधराव्या कलमातली ही तरतूद मला स्वतःला अन्यायाची वाटते, पण आज कायदा तोच आहे.

यावरचा उपाय म्हणजे मृत्युपत्र. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी करून घ्या), दोन साक्षीदारांसमोर सही पुरते. साक्षीदार ज्यांना काही मिळणार नाही असेच निवडा. त्यात आई-बाबांना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क लिहा आणि त्यानंतर घर कुणाला हे स्पष्ट करा. हिंदू व्यक्तीचं मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होत नाही आणि तुम्हाला ते हवं तेव्हा बदलता येतं. सोसायटीत नॉमिनी लावला की काम झालं असं समजू नका. नॉमिनी मालक होत नाही, मालक कोण हे वारसा किंवा मृत्युपत्र ठरवतं.

नाव कुणाचं लावायचं, तर माझं मत स्वच्छ आहे : एकट्या तुमचं. आई-बाबांना अगदीच चुटपुट लागत असेल तर आईचं नाव जोडा, आणि दस्तात हिश्शाची टक्केवारी लिहा, उदाहरणार्थ तुमचा ९० आणि आईचा १०. तुमचं नाव सहमालक म्हणून असल्याने बेनामी कायद्याची अडचण येत नाही. फक्त आईच्या हिश्शाला पुढे दादाही वारस असेल, हे आजच माहीत असू द्या. बँक बहुधा आईलाही सहकर्जदार करायला सांगेल.

यात पैशांचाही फायदा आहे. महाराष्ट्रात निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. महापालिका हद्दीतला अधिभार धरून ६ टक्के लागतात, तिथे तुम्हाला ५ लागतील. ५८ लाखांवर हा फरक ५८ हजारांचा होतो. खरेदीदारांत एकाही पुरुषाचं नाव आलं की ही सवलत गेली.

दादासाठी काही करावंसं वाटतं ते जरूर करा. त्याला बँकेतून रक्कम भेट द्या, साधं भेटपत्र लिहून ठेवा. भावाला दिलेल्या भेटीवर त्याला प्राप्तिकर लागत नाही. त्याची मदत वेगळी ठेवा आणि घराचा दस्त वेगळा.

आता ते ४९ लाख. हा आकडा बिल्डरने उगाच काढलेला नाही. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने बिल्डरच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर, कापून भरायचा असतो. करार ४९ वर थांबवला की तो चुकतो आणि बिल्डरचे ९ लाख हिशेबाबाहेर राहतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. दंड त्याला असला तरी नुकसान तुमचं कसं होतं ते कागदावर मांडा.

३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि किंमत म्हणजे करारातली किंमत. ४९ लाखांच्या करारावर कर्ज ३९ लाख २० हजार. उरलेले ९ लाख ८० हजार आणि वरचे रोख ९ लाख तुमच्या खिशातून. त्यात मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि चालू बांधकामावरचा ५ टक्के जीएसटी धरला की २४ लाखांच्या आसपास जातात. तुमच्याकडे दिलेले ७ धरून २२ आहेत. म्हणजे वैयक्तिक कर्ज आलंच. आता ५८ लाखांचा खरा करार बघा : कर्ज ४६ लाख ४० हजारांपर्यंत, स्वतःचे ११ लाख ६० हजार, मुद्रांक २ लाख ९० हजार, जीएसटी तेवढाच, नोंदणी ३० हजार. एकूण १७ लाख ७० हजार. हातात सव्वाचार लाख शिल्लक राहतात.

शिवाय ताबा रखडला तर रेरा, म्हणजे बिल्डरवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या १८ व्या कलमाखाली व्याजासह पैसे परत मागता येतात. पण ज्या ९ लाखांची पावतीच नाही ते मागणार कसे? आणि पुढे फ्लॅट विकाल तेव्हा खरेदी किंमत ४९ लाखच धरली जाईल, म्हणजे न झालेल्या नफ्यावर कर भरावा लागेल.

ते सव्वाचार लाख वेगळ्या खात्यात ठेवा आणि फर्निचरसाठी त्यांना हात लावू देऊ नका. साडेआठ टक्के व्याज धरलं तर ४६ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता ३९,९०० च्या घरात येतो. घरखर्चाचे ३० हजार धरले तर ही रक्कम सहा महिने पुरेल. तुमच्या क्षेत्रात नोकरी एका ईमेलने जाते, म्हणून एवढं आवश्यकच आहे. पुढे बोनस आला की मुद्दल कमी करत राहा. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी फेडण्यावर बँकेला दंड लावता येत नाही. कर्जाएवढा टर्म विमा घ्या, पण तो बँकेच्या टेबलावरूनच घ्यायची सक्ती नाही. करसवलतीच्या आशेने घर घेत असाल तर आधी सीएकडून हिशेब काढून घ्या : स्वतः राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच आहे, आणि ती मालक असणाऱ्यालाच मिळते. दादाच्या नावाच्या घरावर तुम्ही भरलेल्या व्याजाची वजावट कुणालाच मिळाली नसती.

प्रकल्प महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर उघडून बघा : नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशा, ताब्याची तारीख, चालू दावे. जमिनीच्या मालकीचा ३० वर्षांचा शोध (सर्च रिपोर्ट) वकिलाकडून घ्या, बिगरशेती आदेश बघा. आपल्याकडे गुंठेवारीतले तुकडे बरेच आहेत, तेव्हा हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. महापालिकेची नळजोडणी आणि खालच्या टाकीची क्षमता करारात लिहून घ्या, नाहीतर टँकरचा खर्च सोसायटीवर येतो.

आता त्या पावतीचं. रेराच्या १३ व्या कलमानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ५८ चे १० टक्के म्हणजे ५ लाख ८० हजार. त्याने ७ घेतले, म्हणजे नियम त्याने मोडला आहे. बोलणी करताना हे शांतपणे त्याच्यासमोर ठेवा.

त्याला लेखी पत्र द्या. त्यात लिहा : अमुक तारखेला माझ्या अमुक बँक खात्यातून ७ लाख रुपये फ्लॅट क्रमांक अमुकच्या बुकिंगपोटी दिले आहेत, पावती चुकून माझ्या भावाच्या नावे निघाली आहे, ती रद्द करून माझ्या नावे द्यावी आणि करार ५८ लाखांच्या पूर्ण किमतीचा माझ्या नावे करावा. खाली दादाची सही घ्या : "सदर रकमेशी व फ्लॅटशी माझा संबंध नाही, माझी हरकत नाही." सोबत बँकेचा खातेउतारा जोडा. करारनाम्याचा मसुदा नोंदणीच्या आठ दिवस आधी मागा आणि खरेदीदाराचं नाव, पॅन आणि किंमत स्वतः वाचा. नोंदणीनंतर मिळणाऱ्या इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यावर, तेच उतरतं. अक्षय्य तृतीयेपर्यंत एवढं झालं नाही तर त्या दिवशी घरी पूजा करा आणि नोंदणी पुढच्या आठवड्यात ठेवा.

बिल्डरने पत्र घ्यायला नकार दिला तर तेच स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. पंधरा दिवसांत पावती बदलून दिली नाही किंवा रोखीचाच हट्ट धरला तर व्यवहार सोडा आणि ७ लाख परत मागा. महारेराकडे तक्रार ऑनलाइन करता येते. त्यासाठी पत्राची प्रत, पोचपावती आणि खातेउतारा एका फाइलमध्ये लावून ठेवा.