दर्स-ए-निजामी: हा निजाम कुठला?

प्रश्न असा आलाय की मदरशांच्या अभ्यासक्रमावरच्या शोधनिबंधाचा मराठी सारांश करताना 'दर्स-ए-निजामी' हा शब्द भेटला, तर त्याला 'निजामाने आखलेला अभ्यासक्रम' म्हटलं तर चालेल का.

नाही चालणार, आणि कळकळीने सांगतो, असं छापू नका. निजाम म्हटलं की आपल्याला पालखेड आणि हैदराबादच आठवणार, पण हे निजाम म्हणजे लखनौच्या फिरंगी महल या विद्याकेंद्राचे मुल्ला निजामुद्दीन, त्यांनी मदरशांच्या या अभ्यासक्रमाची घडी बसवली म्हणून निजामी. त्यात मुल्लाजी आणि हैदराबादचा पहिला निजाम दोघंही १७४८ मध्येच वारले, त्यामुळे तारखा बघूनही घोळ सुटत नाही. बगदादचा निजामिया मदरसा तर अकराव्या शतकातला, सेल्जुक वजिराच्या नावाचा, त्याचाही इथे संबंध नाही.

खरी गंमत 'दर्स'मध्ये आहे. मदरसा त्याच धातूतला, दर्स द्यायची जागा. पण दर्स म्हणजे धडा, पाठ. एक विद्यार्थी 'हिदाया' या कायद्याच्या ग्रंथातली अरबी ओळ मोठ्याने वाचतो, उस्ताद त्याला थांबवून तिचा अर्थ उलगडतात, मग पुढची ओळ, हा हिदायाचा दर्स. म्हणजे दर्स-ए-निजामी ही मुळात ग्रंथांची उतरंड, व्याकरणाला 'शरह-ए-जामी', तर्कशास्त्राला 'सुल्लम', कायद्याला 'हिदाया', असं एकेक पुस्तक चढत जायचं. सुरुवातीला भर तर्क आणि तत्त्वज्ञानावर म्हणजे माकूलातवर, पुढे १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा सुरू झाला तिथे हदीसचं, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचं पारडं जड झालं, नाव मात्र तेच राहिलं.

म्हणूनच संशोधनाचा रोख बघून शब्द निवडा. आधीचे बरेच अभ्यासक पुस्तकांच्या याद्या लावायचे, २००१ नंतर तर पुष्कळ लिखाण मदरसे कट्टरता शिकवतात का याच एका प्रश्नाभोवती फिरलं, आणि आता वर्गात बसून, मुलींच्या मदरशांत जाऊन, प्रत्यक्षात काय शिकवतात ते बघणारं काम वाढलंय. यादीबद्दल असेल तिथे मी 'ग्रंथक्रम' लिहीन, वर्गाबद्दल असेल तिथे 'अध्यापन', आणि दर्स-ए-निजामी हे विशेषनाम तसंच ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत खुलासा देऊन.

आणि हो, उर्दूत सिलॅबसला 'निसाब' म्हणतात. शब्दकोशात याच शब्दाला जकात (मुस्लिमांचं सक्तीचं धार्मिक दान) लागू होण्याची किमान मालमत्ता, साडेसात तोळे सोनं वगैरे, असाही अर्थ सापडेल, तो उचलून अभ्यासक्रमाच्या वाक्यात टाकू नका.